खैरानचं माळवद

तेल सापडण्यापूर्वीच्या कुवेतमध्ये घर मोत्यांच्या व्यापाऱ्याचं असो की मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्या गरिबाचं, खोलीची रुंदी जवळजवळ सारखीच असायची. तीन मीटर, फार तर थोडी अधिक. श्रीमंताच्या वाड्यात चौक मोठा, खोल्या जास्त, दारं सागवानी. खोली लांबीला हवी तेवढी वाढवता येई, पण रुंदीपुढे पैशाचं काही चालत नसे. केनियाच्या किनाऱ्यावर लामू नावाचं जुनं बंदर आहे. तिथल्या दगडी घरांतल्या खोल्याही अशाच लांबट आणि अरुंद. दोन्ही गावांमध्ये साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटरचं अंतर. भाषा वेगळी, हवा वेगळी. दोन्हीकडे सारखं होतं ते छपराला वापरलेलं एक झाड.

हे झाड आपल्या ओळखीचं आहे. कोकणच्या खाड्यांत भरतीच्या पाण्यात मुळांच्या कमानींवर उभं असलेलं कांदळ आपण पाहिलेलं असतं. ऱ्हायझोफोरा म्युक्रोनाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः आजच्या टांझानियातल्या रुफिजी नदीच्या मुखाशी, याच जातीची दाट रानं आहेत. लाकूड जड आणि घट्ट, टॅनिन भरपूर, त्यामुळे वाळवी सहजासहजी तोंड लावत नाही. आखातात या सोटांना चंदल म्हणतात. सरळ सोट किती लांब मिळतो आणि मातीच्या ओझ्याखाली तो कितपत तग धरतो, एवढ्यावर खोलीची रुंदी ठरायची. यातलं गणित निर्दय आहे. सारख्या ओझ्याखाली वासा जेवढा वाकतो, ते वाकणं लांबीच्या चौथ्या घाताने वाढतं. गाळा दीडपट केला की वाकणं पाचपट. म्हणून शेखाच्या घरातही खोली तीन मीटरांची.

हे सोट कुवेतला कसे येत, याचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन उपलब्ध आहे. ॲलन व्हिलियर्स हा ऑस्ट्रेलियन खलाशी आणि लेखक १९३८ च्या अखेरीस एडनला एका कुवेती बूमवर चढला. बूम म्हणजे दोन्ही टोकांना निमुळतं, शिडाचं मोठं लाकडी गलबत. नाखुदा होता अली बिन नासिर अल नज्दी. ईशान्येच्या वाऱ्यावर ते झांझिबारपर्यंत उतरले, तिथून रुफिजीच्या खाड्यांत शिरले, आणि डासांच्या थव्यांत, चिखलात उभं राहून खलाशांनी कांदळाचे सोट गलबतात भरले. नैऋत्येचा वारा सुरू झाला की परतीची वाट. ‘सन्स ऑफ सिंदबाद’ हे त्याचं पुस्तक १९४० मध्ये निघालं. शिडाच्या गलबतांचा हा व्यापार त्यानंतर फार वर्षं टिकला नाही, हे वाचताना सतत डोक्यात राहतं. कुवेतच्या बुरगानला तेल लागलं तेही १९३८ मध्येच.

सोटांवर काय घालायचे? चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या, तिरप्या जाळीने विणून. हा बांबू हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून जाई. त्यावर बोरूची चटई, दक्षिण इराकच्या पाणथळीतली. आणि सगळ्यात वर पेंढा कालवलेली माती. म्हणजे कुवेती छपरात आफ्रिका खाली, हिंदुस्थान मध्ये, इराक त्याच्या वर, आणि खुद्द कुवेतची म्हणावी अशी वस्तू एकच, माती. हा सगळा सौदा रुपयांत होई. कुवेतचा स्वतःचा दिनार १९६१ मध्ये आला. कुवेत शहरात समुद्राकाठी डिक्सन हाऊस हे जुनं घर जपून ठेवलं आहे. तिथे मान वर करून पाहिलं की हा सगळा भूगोल खालून एका नजरेत दिसतो.

सोलापूर-लातूरकडच्या माणसाला मात्र ते छप्पर पाहून परकं वाटणार नाही. हे तर माळवद. तुळया, त्यांवर आडवी लाकडं, त्यांवर चिरफळ्या, त्यांवर निंबाचा किंवा तरवडाचा पाला, आणि वर गावठाणातली पांढरी माती. पाणी काढायला परनाळ. उन्हाळ्यात रात्री अंथरूण घेऊन वर जायचं, हेही दोन्हीकडे तेच. कमी पाऊस, लांब उन्हाळा आणि लाकडाची टंचाई या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे माणसं एकमेकांना न विचारता मातीचं सपाट छप्पर घालतात. मराठवाड्यापासून इराणपर्यंत आणि तिथून मोरोक्कोपर्यंत.

माती तिथे काय करते, हे मोठं विलक्षण आहे. ती उष्णता अडवत नाही, लांबवते. वीतभर जाडीच्या थरातून दुपारची उष्णता खोलीत उतरायला सात-आठ तास लागतात. दोनचं ऊन रात्री नऊ-दहाला आत पोचतं, आणि तोवर घरातली माणसं वर गच्चीवर उघड्या आभाळाखाली गेलेली असतात. पहाटेचा गारवा तसाच हळूहळू उतरत दुपारी खोलीत येतो. सगळं छप्पर उन्हाला सात-आठ तासांचा चकवा देत राहतं.

पण मातीला दोन शत्रू, पाणी आणि स्वतःचं वजन. १९३४ च्या हिवाळ्यात कुवेतवर असा पाऊस कोसळला की शहरातली शेकडो घरं विरघळून बसली. कुवेती लोक त्या सालाला ‘हदामा’ म्हणजे घरं पाडणारं साल म्हणतात. १९५४ मध्ये तसंच पुन्हा झालं. आपल्याकडे वजनाचा हिशोब पुढे आला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात. माळवदावर दरवर्षी नवी माती पसरायची आणि जुनी काढायची नाही, अशा रितीने काही घरांवर दोन-अडीच फूट थर साचला होता. दोन फूट माती म्हणजे चौरस मीटरला जवळपास एक टन. दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ-दहा टन. चिखलात रचलेल्या दगडी भिंती हलल्या आणि ते सगळं खाली आलं. भूकंप फार मोठ्या ताकदीचा नव्हता, तरी जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यानंतर तिथे सिमेंट आणि पत्रा आला. माळवदाच्या गारव्याची आठवण काढणारी माणसंही तोच पत्रा निवडतात, आणि त्यांना कोण दोष देणार!

आता खैरानला येऊ. कुवेतच्या दक्षिण टोकाला, सौदी सरहद्दीच्या अलीकडे, समुद्र वाळवंटात दोन खाड्या घुसवतो. भोवती सबखा, म्हणजे मिठाने पांढरी पडलेली ओलसर सपाट जमीन. आठवडाअखेर समुद्राकाठी काढण्यासाठी कुवेती कुटुंबांनी इथे शॅले बांधले, आणि पुढे माणसांनी आणखी कालवे खणून समुद्र कित्येक किलोमीटर आत आणला. त्याच्या काठांवर सबाह अल अहमद सागरी नगर उभं राहिलं. अंगणातून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. घरमालक कुवेती. छपरावर काम करणारा मात्र बहुतेक वेळा भारतीय, बांगलादेशी किंवा इजिप्शियन.

इथे वर्षाचा पाऊस सरासरी ११० ते १२० मिलिमीटर. रत्नागिरीत आषाढातला एखादा जोरकस दिवस तेवढा पाऊस पाडून मोकळा होतो. आपल्या मनात छप्पर म्हटलं की पाऊस येतो. कौलं शाकारायची, पागोळ्या कुठे पडतात ते बघायचं. खैरानमध्ये हा विचार उलटा करावा लागतो. इथे छपराचं खरं काम ऊन झेलण्याचं आहे.

ऊन किती? जूनमध्ये दुपारी खैरानचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर असतो, जवळजवळ डोक्यावर. भिंतींना त्या वेळी तो ओझरताच लागतो. सगळा मारा छपरावर, चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट. दोनशे चौरस मीटरचं छप्पर असेल तर दोनशे किलोवॅट, म्हणजे शंभर गिझर एकदम चालू करून घरावर पालथे घातल्यासारखं. हवेचं तापमानही मदतीला नाही. कुवेतच्या वायव्येला मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सियस नोंदलं गेलं, जगातल्या विश्वसनीय नोंदींमध्ये अगदी वरच्या रांगेतलं. खैरान किनाऱ्यावर असल्याने पारा थोडा कमी चढतो, पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दमटपणा जीव नकोसा करतो. काळं डांबरी छप्पर भर दुपारी सत्तर-ऐंशी अंशांवर सहज जातं.

आणि तरीही तिथली बहुतेक घरं काँक्रीटच्या सपाट स्लॅबची असतात. काँक्रीट उष्णतेच्या बाबतीत मातीपेक्षा वाईट. उष्णता त्यातून दुप्पट-तिप्पट वेगाने वाहते, आणि स्लॅब पंधरा-वीस सेंटिमीटरचा. रात्री आठ वाजता अशा उघड्या स्लॅबखाली बसलं तर छत अंगावर गरम श्वास सोडतंय असं वाटतं. मग हे घर राहण्याजोगं होतं कसं?

उत्तर आहे स्लॅबवरच्या एका निळ्या, गुलाबी किंवा हिरवट फळीत. एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन, कामगारांच्या तोंडी एक्सपीएस. आपण फ्रिजच्या खोक्यातून काढून फेकतो त्या थर्मोकोलचा हा सख्खा भाऊ. रसायन तेच, घडण वेगळी. आत कोट्यवधी बंद पोकळ्या, प्रत्येकीत वायूचा थेंबभर कैदी. अडकलेला वायू हलू शकत नाही, म्हणून उष्णता वाहून नेऊ शकत नाही. साडेसात सेंटिमीटरची ही फळी जेवढी उष्णता अडवते, तेवढी अडवायला काँक्रीटचा स्लॅब सुमारे चार मीटर जाड लागेल! घरावर आणखी एक मजला ठोकळ्यासारखा भरीव ओतायचा, आणि त्याचं काम एका हाताने उचलता येणारी फळी करते. थर्मोकोल स्वस्त पडतो, पण त्याच्या दाण्यांमधल्या फटींत पाणी शिरतं, आणि ओलं उष्णतारोधक नसल्यासारखंच असतं. छपरावर पैसे वाचवायला थर्मोकोल घालणं ही मला सगळ्यात महागडी काटकसर वाटते.

या फळीइतकाच महत्त्वाचा असतो थरांचा क्रम. पूर्वी रीत अशी होती की स्लॅबवर उष्णतारोधक, आणि सगळ्यात वर डांबरी जलरोधक पट्टी, कारण पाणी वरून येतं तर पहारेकरीही वर हवा. दिसायला तर्क बिनतोड. पण उघड्यावरची पट्टी दुपारी ऐंशी अंशांवर, हिवाळ्यातल्या पहाटे पाच-सहा अंशांवर. रोज ताणते, आखडते, अतिनील किरणांनी ठिसूळ होते आणि काही वर्षांत तडकते. मग कुणाला तरी सुचलं की क्रम उलटा करावा. स्लॅबवर उताराचा हलका फेसकाँक्रीट, त्यावर जलरोधक पट्टी, तिच्यावर एक्सपीएसची फळी, मग कापडासारखी एक चादर, आणि वर वाळू-सिमेंटात बसवलेल्या फरश्या किंवा खडी. पट्टीला आता ऊन दिसत नाही. ती जवळजवळ घरातल्याच तापमानाला, वर्षानुवर्षं अंधारात पडून राहते. पाणी फटींतून खाली येतं, पट्टीवरून उताराने निघून जातं. मधली फळी भिजत नाही, कारण तिच्या पोकळ्या बंद आहेत. तोच माल, थोड्याफार फरकाने तोच खर्च, आणि आयुष्य कितीतरी जास्त. फक्त कोण वर आणि कोण खाली एवढं बदललं.

ती पट्टी डांबराची, म्हणजे बिट्युमेनची. तिचा कुवेतशी संबंध कल्पनेपलीकडे जुना आहे. उत्तर कुवेतमध्ये सबिया इथे सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत उत्खनन करणाऱ्यांना बिट्युमेनची ढेकळं सापडली. त्यांच्या एका बाजूवर बोरूच्या जुड्यांचे ठसे, दुसऱ्या बाजूवर समुद्रातले कवचधारी जीव (बार्नॅकल) चिकटलेले. बोरूच्या होड्यांना बाहेरून फासलेला तो लेप होता. समुद्रात फिरलेल्या होड्यांचे जगातले सर्वांत जुने अवशेष त्यांत गणले जातात. रासायनिक तपासणीत तो बिट्युमेन बुरगानच्या नैसर्गिक पाझरातला निघाला. म्हणजे तेलविहिरी खणण्याच्या सात हजार वर्षं आधी बुरगानचं तेल पाणी अडवत होतं, आणि आज खैरानच्या छपरावर पेटत्या बर्नरने चिकटवली जाणारी चार मिलिमीटरची गुंडाळी त्याच कुळातली. आता तिच्यात प्लास्टिक मिसळतात म्हणजे ती उन्हाळ्यात ओघळत नाही. थंड मुलखात रबर मिसळलेली चालते. माल घेताना हा फरक विचारायला हवा. आणि बर्नर घेऊन काम करणाऱ्याचा विचार करायला हवा तो वेगळाच. १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करून घ्यायला कुवेतमध्ये कायद्याने बंदी आहे.

थोडं गणित करू. ढोबळ, पण बोलकं. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून तापमानात एका अंशाचा फरक असला की चौरस मीटरमागे तीन वॅटच्या आसपास उष्णता आत येते. छपराचा पृष्ठभाग सत्तर अंश, घर चोवीस अंश, छप्पर दोनशे चौरस मीटर. गुणाकार केला की सत्तावीस-अठ्ठावीस किलोवॅट, म्हणजे आठ टनांचा एसी नुसत्या छपराशी झुंजायला. कुवेतच्या वीजबचतीच्या संहितेत छपराची मर्यादा साधारण ०.४ वॅट आहे. त्या मर्यादेत बांधलं की आठ टनांचा एक टन होतो. ही संहिता कुवेतने १९८३ मध्येच आणली. आखातात इतक्या लवकर असा नियम करणारा देश विरळाच.

मग सगळीकडे उत्तम छपरं दिसायला हवीत. अडचण विजेच्या बिलात आहे. कुवेतमध्ये घरगुती वीज १९६६ पासून युनिटला दोन फिल्स. हजार फिल्सचा एक दिनार. वरच्या गणितात वाचलेली उष्णता एसीला उपसावी लागली असती तर भर दुपारी तासाला नऊ-दहा युनिटं जळाली असती. त्यांची किंमत वीस फिल्सच्या आत, आपले पाच-सहा रुपये. एवढ्यासाठी कोण फळीची जाडी मोजत बसणार? खरा खर्च सरकार तेल जाळून भरतं. उन्हाळ्यातल्या शिखर मागणीपैकी सुमारे सत्तर टक्के वीज एसीलाच जाते, आणि जून २०२४ मध्ये कुवेतला पहिल्यांदाच वस्त्यावस्त्यांतून आळीपाळीने तास-दोन तास वीज बंद ठेवण्याचं वेळापत्रक जाहीर करावं लागलं. ज्या घरांची छपरं नीट होती तिथे त्या दोन तासांत घर तापलं नसणार, हे भाकीत करायला अभियंता असायची गरज नाही.

खैरानची खास डोकेदुखी मात्र ऊन नाही, मीठ आहे. कुवेत शहरातल्या घरालाही ऊन तेच. पण कालव्यापासून वीस पावलांवरचं घर रात्रंदिवस खाऱ्या हवेत उभं असतं. दमट रात्री पत्र्यावर दव पडतं, त्यात मीठ विरघळतं, सकाळी पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. दुसऱ्या रात्री पुन्हा. साधा जस्ती पत्रा अशा जागी डोळ्यांदेखत संपतो, आणि आधी संपतात ते त्याचे स्क्रू. इथे पत्रा घ्यायचाच तर ॲल्युमिनियमचा किंवा ॲल्युमिनियम-जस्त मुलाम्याचा, वर भाजलेला रंग, आणि स्क्रू त्याच तोलाचे. पत्र्याला मोजलेले पैसे स्क्रूंत वाचवणारे लोक सगळ्या देशांत सापडतात.

काँक्रीटलाही मीठ सोडत नाही. आतली पोलादी सळई ताज्या काँक्रीटच्या अल्कधर्मी कुशीत सुरक्षित असते. क्लोराइड तिथवर पोचलं की ते कवच फुटतं आणि गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून सोलून निघतं. आखातात तेलाच्या पहिल्या पैशाच्या घाईत समुद्राची वाळू आणि मचूळ पाणी वापरून उभ्या राहिलेल्या इमारतींची पुढे हीच गत झाली. वसई किंवा अलिबागच्या किनाऱ्यावरच्या बंगल्याच्या बाल्कनीखालचा पोपडा पडलेला कोपरा हा त्याच आजाराचा. यावरचा उपाय साधा आहे: धुतलेली वाळू, गोडं पाणी, सळईवर पुरेसं जाड आवरण आणि ओतल्यावर सात-आठ दिवस ओलावा. मुदपाखान्यातल्या पदार्थासारखं यात वरून काही घालून सुधारता येत नाही.

शॅलेवर एखादी खोली, गाडीची शेड किंवा स्वयंपाकघर वाढवायचं असेल तर हल्ली सँडविच पॅनेल वापरतात: दोन पातळ पत्रे, मध्ये फेस. हलकं, दोन दिवसांत उभं, उष्णता रोखणारं. पत्र्याच्या तयार इमारतींना कुवेतमध्ये सरसकट ‘किर्बी’ म्हणतात, तिथल्याच एका कंपनीच्या नावावरून. तिचा एक कारखाना हैदराबादेत आहे. फक्त मधला फेस कसला हे बघायला हवं. पॉलियुरेथेन स्वस्त आणि उत्तम रोधक, पण पेटतं. जिथे चूल किंवा विजेची मोठी यंत्रं आहेत तिथे दगडी लोकर भरलेलं पॅनेल थोडं जड, थोडं महाग आणि माझ्या मते बिनतक्रार घ्यावं असं.

आता सगळ्यात स्वस्त वस्तूकडे: पांढरा रंग. काळं छप्पर आलेल्या उन्हातलं नव्वद-पंचाण्णव टक्के गिळतं. चांगला पांढरा लेप ताजा असताना ऐंशी टक्के परत आभाळात पाठवतो. उष्णता आत आल्यावर अडवण्यापेक्षा तिला दारातून परत लावणं केव्हाही सोपं. आपल्याकडे चुन्याची सफेदी हे काम पूर्वीपासून करते. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. खैरानमध्ये या पांढऱ्या रंगाचा वैरी धूळ. इराकच्या बाजूने धुळीचं वादळ आलं की दोन दिवसांत पांढरं छप्पर बिस्किटी होतं, आणि परतवण्याची ताकद घटते. फरश्यांवर झाडू आणि पाणी फिरवणं हा तिथे छपराच्या खर्चाचाच भाग धरावा.

छपराचं आणखी एक काम रात्री चालतं, मग रंग कुठलाही असो. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अदृश्य अवरक्त किरण सोडत असते. हवा त्यांतले बरेचसे अडवते, पण आठ ते तेरा मायक्रॉन लांबीच्या लहरींना ती जवळजवळ मोकळी वाट देते. त्या वाटेने छप्पर आपली उष्णता थेट अंतराळात फेकतं. शून्याखाली २७० अंशांच्या अंतराळात! कोरड्या निरभ्र रात्री गच्चीची फरशी भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते ती याच कारणाने. गच्चीवर अंथरूण टाकणाऱ्या सोलापूरकरालाही आणि कुवेतकरालाही हे पाठीला कळत होतं. किनाऱ्यावरच्या दमट रात्री बाष्प ती वाट अर्धवट बुजवतं, म्हणून खैरानला हा लाभ आतल्या वाळवंटाइतका मिळत नाही.

आणि एक उपाय, जो कोकणाने आखाताच्याच पैशावर नकळत शोधला. खेड, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत कुवेत-दुबईच्या कमाईतून कौलारू घरांच्या जागी स्लॅबचे बंगले आले. तीन-साडेतीन हजार मिलिमीटरच्या पावसात सपाट स्लॅब चार-पाच वर्षांत गळायला लागला. मग मालकांनी गच्चीवर लोखंडी कैच्या उभ्या करून पत्रा घातला. वास्तुविशारद या दृश्याला नाकं मुरडतात. पण उष्णतेच्या दृष्टीने ते बेतशीर आहे: पत्रा ऊन झेलतो, स्लॅब सावलीत राहतो, मधल्या मोकळ्या जागेतून तापलेली हवा वाऱ्यावर निघून जाते. खैरानमध्ये पावसाचं कारण नाही, पण वरच्या सावलीचं आहे. तिथे ही वरची ओळ सौर पॅनेलांची करता येते, म्हणजे सावलीही आणि वीजही. वरच्या सावलीची हीच कल्पना मोठ्या मापातही दिसते: सिडनीच्या ऑपेरा हाऊसचा वास्तुविशारद योर्न उत्झोन कुवेतचं संसदभवन रचताना काँक्रीटचं भलंथोरलं लोंबतं छत पुढे काढतो, तंबूच्या कापडासारखं, आणि खाली आंगण सावलीत सोडतो. १९९१ मध्ये इराकी सैन्य मागे हटताना ती इमारत जाळली गेली. नंतर ती पुन्हा उभी केली.

पाऊस राहिलाच. वर्षाचा सगळा पाऊस तिथे दोन-चार दिवसांत येऊ शकतो, आणि सपाट छपराला तो एक दिवस पुरतो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये रस्ते, बोगदे आणि दक्षिणेकडच्या नव्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, सार्वजनिक बांधकाममंत्र्यांनी राजीनामा दिला. तेव्हा गळकी छपरं कोणती ते एका रात्रीत सगळ्यांना कळलं. म्हणून फरशी बसवण्यापूर्वी निचऱ्याची तोंडं बंद करून छपरावर दोन दिवस पाणी तुंबवतात आणि खालून छत बघतात. कंत्राटदाराला घाई असते. ही चाचणी चुकवू देऊ नये. उतार शंभराला निदान एक, निचऱ्याची तोंडं दोन तरी, कारण एक वाळूने बुजणार हे धरूनच चालायचं. पैसे मोजके असतील तर मी फरशीची ऐट कमी करीन, एक्सपीएसची जाडी नाही. फरशी दहा वर्षांनी बदलता येते, खालची फळी बदलायला सगळं छप्पर उकलावं लागतं.

प्रयोगशाळांतून येणाऱ्या बातम्या भन्नाट आहेत. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असा पातळ आरसा केला जो भर उन्हात, विजेविना, हवेपेक्षा जवळपास पाच अंश थंड राहिला. ऊन परतवायचं आणि त्याच आठ-ते-तेरा मायक्रॉनच्या वाटेने उष्णता अंतराळात फेकायची, दोन्ही एकाच पृष्ठभागाने. २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातून ९८ टक्के ऊन परतवणारा बेरियम सल्फेटचा रंग आला. दोन्ही शोध अमेरिकेतल्या स्वच्छ आभाळाखाली तपासलेले. खैरानच्या धुळीत आणि ऑगस्टच्या दमट हवेत त्यांचं काय होतं, हे तिथेच एखाद्या शॅलेच्या गच्चीवर वर्षभर ठेवून, मधूनमधून पुसून आणि मधूनमधून मुद्दाम न पुसता मोजावं लागेल.